दुपारी ३, ईएसटी

क्रिप्टो प्रकल्पांच्या ऑनलाइन कार्यक्रमांचा सपोर्ट डेस्क मी सांभाळते. वॉलेट जोडलं जात नाही, गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) कमी पडली, या तक्रारी रोजच्याच. मार्चमधल्या एका टोकन क्लेमच्या (ठरलेल्या वेळेत आपले क्रिप्टो टोकन घेण्याच्या) दिवशी आलेल्या तक्रारी मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

घोषणेत होतं: 'दुपारी ३ ईएसटी, मुदत एक तास'. लिहिणाऱ्याने न्यूयॉर्कचं घड्याळ पाहून ते लिहिलं. पण मार्चचा दुसरा रविवार आला की तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ईएसटी या पूर्व अमेरिकेच्या प्रमाणवेळेऐवजी ईडीटी ही तिथली उन्हाळी वेळ लागू होते. ईएसटी म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वजा पाच, ईडीटी म्हणजे वजा चार. तो रविवार होऊन गेला होता. म्हणून क्लेम १९:०० यूटीसीला उघडला आणि २०:०० ला बंद झाला. ज्यांनी 'ईएसटी' जसंच्या तसं धरून हिशोब केला, ते नेमके २०:०० ला आले. लंडनवाल्यांचंही तेच झालं. न्यूयॉर्क पाच तास मागे, हे त्यांना पाठ असतं. पण युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा राहतो.

मुदत वाढवा, अशी मागणी झाली. वाढवणार कशी? कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरुवात आणि शेवट युनिक्स टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत नोंदवलेले होते आणि ते बदलायची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. मुदत कुणालाच मागेपुढे करता येऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण मग घोषणा तितकीच काटेकोर नको का?

एकाने आपला हिशोब पायरीपायरीने लिहून पाठवला. त्यात एकही चूक नव्हती. त्याला 'वेळ स्पष्ट दिली होती' असं कळवायला मला सांगण्यात आलं. हे उत्तर अन्यायाचं आहे. ज्यांनी घोषणा नीट वाचली तेच बाहेर राहिले. 'न्यूयॉर्कमध्ये आत्ता किती वाजले' एवढंच शोधणारे आत गेले.

ही संक्षिप्त रूपं मुळातच घातक आहेत. सीएसटी चीनचीही आणि अमेरिकेच्या मध्य पट्ट्याचीही. दोन्हींत १४ तासांचं अंतर. आयएसटी भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघांची. तारखेचा गोंधळ आणखी वेगळा. बिटकॉइनचं २०२४ चं हाव्हिंग (नवीन बिटकॉइन तयार होण्याचं प्रमाण निम्मं होणं) यूटीसीप्रमाणे २० एप्रिलला ००:०९ ला झालं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिलची संध्याकाळ होती.

आता माझ्या हातून जाणाऱ्या घोषणेत आधी तारखेसह यूटीसी असतं, मग टाइमस्टॅम्प, मग शहराचं नाव आणि तिथली वेळ. 'लोकांना यूटीसी कळत नाही,' असं वरिष्ठ म्हणतात. ज्यांची रोजची कँडल (भावाच्या आलेखातली दिवसाची पट्टी) ००:०० यूटीसीला बंद होते, त्या ट्रेडर्सबद्दल हे बोललं जातं!

हिशोब लिहून पाठवणाऱ्याच्या तक्रारीचं तिकीट 'निकाली' म्हणून बंद झालं. त्या माणसाला टोकन मिळायला हवेत, असं मी लेखी कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.