थेरपीत बोललेलंच आठवत नाही, तेव्हा काय केलं: माझा अनुभव

कौन्सिलिंग चालू होऊन काही महिने झाले तरी कुणी विचारलं असतं की मॅडमशी काय बोललीस, तर मला सांगताच आलं नसतं. लाजून नव्हे, खरंच आठवायचं नाही. आत गेले, खुर्चीत बसले, पंखा कमी करायला सांगितला इथपर्यंत सगळं क्लिअर, आणि नंतर एकदम मी बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपाशी उभी, हातात छत्री, पर्स खांद्याला, आणि मधला अख्खा तास गायब. फी दिली का नाही ते पण पर्स उघडून बघायचं. एकदा तर घरी खानापूरला पोचल्यावर पर्समधल्या झिरो तिकिटावरून कळलं की मी किती वाजताच्या बसला बसले होते (2023 च्या जूनपासून कर्नाटकात आम्हा बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण तिकीट मात्र फाडून देतात, ते माझ्या असं कामाला आलं).

बहीण म्हणायची, "अगं काल फोनवर किती रडूलालीस, आज विचारलं तर काय झालंय म्हणतीस." मला तो फोनच माहीत नाही.

मी एका सौहार्द सोसायटीत (म्हणजे सहकारी पतसंस्थेत) कॅश बघते, त्यामुळं खरी भीती तिथली होती. काउंटरवर असं काही झालेलं नाही अजून, पण होईल म्हणून मी प्रत्येक बंडल तीन-तीनदा मोजायला लागले आणि लोक रांगेत कावायला लागले.

आधी फॅमिली डॉक्टरांकडं गेले, त्यांनी बी ट्वेल्व्ह आणि थायरॉइड बघितलं, ठीक होतं. मग धारवाडला डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आजारांच्या दवाखान्यात. तिथं पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं, की असं होताना पडता का, जीभ चावली जाते का, झोप किती, कुठल्या गोळ्या घेता. ईईजी (डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतात तो) काढायला लावला कारण काही प्रकारच्या फिट्समधे माणूस झटके न देता नुसता एकटक बघत राहतो आणि नंतर त्याला आठवत नाही, म्हणजे तसली फिट आणि माझं हे हरवणं, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेमच दिसणार. रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर म्हणाले नुसत्या एका ईईजीवर फिट नाही असं ठरत नाही, सगळं मिळून बघावं लागतं. मग 28 प्रश्नांचा एक फॉर्म होता, गाडीतून जाताना वाटेतला काही भाग आठवत नाही असं किती वेळा होतं, आपण आपल्यालाच लांबून बघतोय असं वाटतं का, असले प्रश्न, उत्तर शून्य ते शंभर टक्क्यांत द्यायचं. फॉर्म इंग्लिशमधे, ते कन्नडमधे विचारणार, मी मनात मराठीत समजून घेणार. त्या फॉर्मवर आजार ठरत नाही, पुढं किती खोलात जायचं एवढंच कळतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नाव कळलं डिसोसिएशन. थोडक्यात, झेपत नाही एवढं काही समोर आलं की डोकं आपल्याला तिथून बाजूला काढतं, अंग खुर्चीत राहतं पण आपण तिथं नसतो, आणि जे घडताना आपण नीट हजर नव्हतो ते नंतर आठवायला मागितलं तर मिळत नाही. हलकं असं बऱ्याच जणांना ताणात किंवा जागरणात होतं, माझं जास्त होतं आणि लहानपणापासूनचं होतं. का, ते इथं लिहिणार नाही. फक्त डिसोसिएशनवर चालेल अशी गोळी नाही, हे पण तिथंच कळलं. झोपेला आणि घबराटीला ट्रीटमेंट दिली, बाकी काम बोलण्यातूनच व्हायचं होतं.

आता आधीचं एक सांगते. मॅडमच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जायचे, तिथं दर वेळी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावायचे आणि मग "त्या दिवसात परत जा" म्हणायचे. मी डोळे मिटले की गेलेच! बाहेर येईपर्यंत वेळ संपलेली असायची आणि त्यांना वाटायचं मी छान रिलॅक्स झाले. डोळे मिटून शांत बसणं कुणाला मानवत असेल, पण माझ्यासारख्यांना ते उलटं पडू शकतं हे मला नंतर मॅडमकडं कळलं.

या मॅडम गोकाककडच्या, घरी कन्नड, मराठी कळतं पण बोलायला तोडकं, आणि माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं आमची खिचडी. पण त्या खिचडीतूनच मला माझी सगळ्यात पहिली खूण सापडली. मी हरवायला लागले की सगळ्यात आधी कन्नड जातं! म्हणजे आवाज ऐकू येतो, शब्द येतात, पण अर्थ लागत नाही. मग हाताची बोटं गार पडतात, मग मॅडमचा चेहरा लांब गेल्यासारखा दिसतो, आणि त्यानंतरचं मला सांगता येत नाही कारण त्यानंतर मी नसते. हे लक्षात आल्यावर आमचं ठरलं की कन्नड कळेनासं झालं की मी हाताचा पंजा टेबलावर ठेवायचा. "थांबा" म्हणून बोलायची ताकद त्या वेळी नसतेच, हात ठेवायला जमतो.

पंजा दिसला की मॅडम विषय तिथंच सोडतात, अर्धं वाक्य असलं तरी. वार सांगतात, गाव सांगतात, माझं नाव घेतात, पाय जमिनीत दाबायला लावतात. पाच गोष्टी बघा, चार हाताला लागतील अशा सांगा, तीन आवाज ऐका, असा जो फेमस उतरत्या आकड्यांचा उपाय आहे तो माझ्यावर चाललाच नाही, आणि कारण मजेशीर आहे, मी दिवसभर नोटा मोजते, माझं मोजणं मी नसताना पण चालू राहतं. त्यापेक्षा तोंडात आमसूल टाकणं चांगलं, ते आंबट दातापर्यंत जातं. आणि खिडकीतून समोरच्या दुकानाची कन्नड पाटी एकेक अक्षर लावून वाचायची. मला कन्नड वाचायला कष्ट पडतात, जोडाक्षरं तर विचारूच नका, आणि त्या कष्टातच मी परत येते. पाटी पूर्ण वाचून झाली म्हणजे मी आले असं आम्ही दोघी समजतो.

सुरवातीला माझा हट्ट एकच, हरवलेलं परत द्या. "मी काय बोलले ते सांगा की मॅडम." त्या मी वापरलेले शब्द तेवढे सांगायच्या, पुढं एक अक्षर जोडायच्या नाहीत. मी चिडायचे. संमोहन करून काढता येईल का असं पण विचारलं, त्या ठाम नाही म्हणाल्या. आठवण ही कुठं रेकॉर्ड करून ठेवलेली नसते, दर वेळी ती नव्यानं जुळवली जाते, आणि कुणी बाजूनं ढकललं तर न घडलेलं पण खरं वाटायला लागतं. रिकामी जागा रिकामीच ठेवायची. आता वाटतं हे त्यांनी केलं म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा बसला. सेशन मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकायचं मी म्हटलं होतं, त्यावर त्या म्हणाल्या की इथं मी शेजारी असताना तुम्ही हरवता, घरी रात्री एकट्या ऐकणार तर आणणार कोण?

मग त्यांनी सेशनचा आकारच बदलला. जड बोलणं फक्त मधल्या वेळात, शेवटची पंधरा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. त्या वेळात मी वहीत माझ्या हातानं लिहायचं, आज कशावर बोललो, कुठं थांबलो, पुढच्या वेळी कुठून. जिथं आठवत नाही तिथं "आठवत नाही" असं लिहून ओळ सोडायची. पुढच्या सेशनला आधी वही वाचायची. कित्येक महिने तर आम्ही जुनं काही उघडलंच नाही, नुसतं थांबायला आणि परत यायला शिकलो, मला तर वाटायचं ही बाई नुसता टाइमपास करूलाली. पण आधी स्थिर व्हायचं आणि मग आठवणींना हात घालायचा ही पद्धत जुनीच आहे, पिअर जाने नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असंच टप्प्याटप्प्यानं काम केलं होतं.

घरचं विचाराल तर आत्तीचं म्हणणं होतं बाहेरचं काहीतरी आहे, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराला जाऊन येऊया. गेलो. भांडले नाही. भंडारा लावला, जेवलो, उन्हात दमून आलो आणि त्या रात्री मला झोप चांगली लागली. गोळी आणि सेशन सोडायचं नाही एवढीच माझी अट होती, ती आत्तीनं पाळली, उलट आता सेशनच्या दिवशी स्कूटीची किल्ली तीच लपवून ठेवते. सेशन सोसायटीच्या सुट्टीच्या दिवशीच घेते, आणि बसमधे बसले की बहिणीला फोन. कामावर एकाच सहकाऱ्याला सांगितलंय, तो मोठी रक्कम माझ्यानंतर एकदा मोजतो.

अजून गॅप पडतात. पण आता बहुतेक वेळा पंजा आधी पडतो आणि वहीत मोकळ्या ओळी कमी दिसतात. त्या जुन्या मोकळ्या ओळींतल्या एक-दोन आपोआप भरल्या, बाकीच्या तशाच आहेत आणि मी त्यांच्या मागं लागत नाही.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणाला असं होत असेल आणि कुठं जायचं कळत नसेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून पण बोलतात. स्वतःचं बेसिक मेडिकल रेकॉर्ड मागायचा हक्क 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात पेशंटला दिलाय, मी धारवाडचे कागद तसेच घेतले आणि मॅडमना दाखवले, परत पहिल्यापासून सगळं सांगायचं वाचलं. आणि नवीन कौन्सिलरकडं गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, मी मधेच गप्प झाले आणि नुसती बघत राहिले तर तुम्ही काय करणार? "बोलत राहू, मन मोकळं होईल" असं म्हणाले तर मी तरी दुसरीकडं जाईन.