आज्जीची पट्टी

गेल्या लोकसभेला आज्जीनं पंच्याऐंशी ओलांडली होती. या वयाच्या माणसांना घरूनच मत द्यायची सोय होती, फक्त नमुना १२-ड आधी भरून द्यायचा. मी विचारलं, तर म्हणाली, "घरात बसून मत? लग्नाला न जाता घरातनंच अक्षता टाकल्यागत झालं की!"

मग ७ मे २०२४ ला, सांगलीचं ऊन तापायच्या आत, ठेवणीतलं इरकल नेसलेल्या आज्जीला गाडीत बसवून शाळेवर नेलं. व्हीलचेअर होती, पण तिच्याकडं तिनं असं बघितलं की आणणारा पोरगाच ओशाळला.

माझं मत देऊन मी दाराशी थांबले. आतून लांबलचक 'कुईंऽऽ' ऐकू आलं, तरी ही काही बाहेर येईना. आली ती फणफणतच. बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीत काचेमागं चिठ्ठी दिसते, ती सात सेकंद. चिन्हाचं बटण बिनचष्म्याचं सापडलं, चिठ्ठी वाचायला मात्र चष्मा हवा. कनवटीची पिशवी सोडून तो काढेपर्यंत चिठ्ठी आत पडली.

"आन् पट्टी हातात न्हाईच दिली!"

आमची हळद वर्षानुवर्षं मार्केट यार्डात जायची. सौदा झाला की अडत्या पट्टी देणार: वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती कापली. पट्टीशिवाय व्यवहार तिला ठाऊकच नाही. मी म्हटलं, "आज्जी, पट्टी दिली तर कुणाला मत दिलं ते कळेल सगळ्यांना." यावर मात्र ती गप्प झाली, कारण या बाबतीत ती पक्की. आजोबांनासुद्धा तिनं कधी पत्ता लागू दिला नाही. ते खोदून विचारायला लागले की म्हणायची, "तुमी खरसुंडीच्या बैलबाजारात सौद्याला टावेलाखाली बोटं धरता, तवा मी इचारती का कितीला ठरलं?" आजोबांचं मत कुणाला, हे मात्र अख्ख्या गल्लीला माहीत असायचं.

घरी आल्यावर भडंग खाताना तिनं बोट उन्हात धरलं. म्हैसूरची ही शाई १९६२ पासून निवडणुकीला वापरतात. तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळं ऊन लागेल तशी ती काळी पडते. आयुष्यभर हळदीत वावरलेल्या त्या पिवळट बोटावर रेघ मला जरा जास्तच काळी दिसली. माझ्याही बोटावर तीच होती, पण माझी आपली नेलपॉलिश ओघळल्यासारखी.

कातडीवरची शाई महिन्याभरात गेली. नखावरची राहिली. खालून नवं, कोरं नख येत गेलं तशी ती वर सरकत गेली. आज्जीची नखं मीच कापते. श्रावणात एकदा कापताना त्या बोटाशी आले, तर तिनं हात मागं घेतला.

"त्ये ऱ्हाऊ दे जरा," म्हणाली. "पट्टी तर दिली न्हाईच."