जळगावच्या उन्हात वाळलेला थेंब

“सर, यात हिरवा रंग कोणता घातला?” काचपट्टीवर वाळलेला थेंब पाहून विद्यार्थिनीने आज विचारले.

रंग घातलाच नव्हता. थेंबातले सुमारे २५० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे (वाळूतल्या मुख्य घटकाचे) गोल पाणी आटताना आपोआप रचले गेले होते आणि ओपल रत्नाप्रमाणे त्या रचनेतूनच हिरवा प्रकाश परतत होता.

ठरावीक रंगाच्या प्रकाशाला सर्व दिशांनी मज्जाव करणाऱ्या नियमित रचनेच्या स्फटिकाची कल्पना याब्लोनोविच आणि साजीव जॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली; तशा स्फटिकात मुद्दाम एक वाट ठेवली, तर तो प्रकाश तीव्र वळणावरूनही तिच्यातूनच जातो.

आमच्या थेंबात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वैशाखातल्या कपाशीच्या काळ्या रानासारख्या भेगा दिसल्या, आणि अशा प्रत्येक भेगेवर प्रकाश विखुरतो.

उद्याचा थेंब झाकून, सावकाश वाळवणार आहे. भेगा कमी होतील ना?