स्कोपपाशी उरलेले अकरा जण

त्या रविवारी तेवीसच्या तेवीस माणसं सुखरूप घरी पोचली. तरी त्या दिवसातली आठ मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

गेली अकरा वर्षं मी पुण्याहून माळरानावर पक्षी बघायच्या फेऱ्या नेते. महिन्यातला एक रविवार, हडपसरहून दोन गाड्या, दिवे घाट चढायचा आणि सासवडच्या अंगाला, पुरंदर आणि वज्रगड जोडीने दिसतात अशा एका उघड्या माळावर उतरायचं. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव फुटलं की आठवड्याभरात फोटोवाल्यांच्या गाड्या थेट घरट्यापर्यंत जातात, हे मी दोनदा पाहिलंय.

लोकांना वाटतं की पक्ष्यांची नावं सांगणं हे माझं काम. खरं तर निम्मं काम पायांचं आणि आभाळाचं आहे. गट नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालतो, त्यामुळे वेळेचा हिशोब त्या एका माणसावर बांधायचा. जूनमध्ये चिकट मातीने बूट जड होतात. दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत पिकतं. त्या कुसळाच्या शेपटीला पीळ असतो, तो दमट हवेत सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि त्या जोरावर बी जमिनीत शिरतं. मातीऐवजी सुती मोजा मिळाला, तर मोज्यात शिरतं. माझ्या प्रथमोपचाराच्या पेटीत म्हणूनच चिमटा आणि बारीक दातांचा कंगवा असतो. थंडीत भोवत्या येतात, एवढे मोठे शिकारी पक्षी, पण रात्री झोपायला गवतात जमिनीवरच उतरतात. तेव्हा संध्याकाळी कुठून चालायचं ते आधी ठरवावं लागतं. आणि मेमध्ये माळ इतका उघडाबोडका दिसतो की दर वर्षी कोणीतरी विचारतं, "ताई, इथे झाडं का नाही लावत?"

या प्रश्नाने मला त्रास होतो. कागदोपत्री हा माळ पडीक. पडीक म्हटलं की खड्डे खणायचे, चर मारायचे, गिरिपुष्प लावायचं आणि फलकासमोर फोटो काढायचा. गेल्या वर्षी ज्या तुकड्यावर माळटिटवीचं घरटं होतं, तिथे या वर्षी ओळीने खड्डे आहेत. ज्यांनी खणले त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना तिथे काहीच दिसलं नाही, एवढंच.

म्हणून या मेमध्ये घरटं दाखवायचंच, असा मी हट्ट धरला होता. आदल्या दिवशी एकटी जाऊन चार तास शोधलं. माळटिटवी घरटं बांधत नाही. जमिनीत बशीएवढा खळगा, भोवती थोडे खडे, आत चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मातीच्याच रंगाची अंडी, वर काळसर ठिपके. तीन पावलांवर उभं राहूनही नजर घसरते. उन्हाच्या वेळी मादी किंवा नर अंड्यांवर बसत नाही, नुसता उभा राहून सावली धरतो. पाणी जवळ असलं तर पोटाची पिसं भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. हे सगळं मला लोकांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. तीस पावलांवरून, स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीतून, पक्षी न उठवता.

फेरी दुपारी साडेतीनला सुरू केली. मेमध्ये सकाळची ठेवायला हवी, वळीव दुपारनंतरच येतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण खोकड संध्याकाळी बिळाबाहेर येतं, लोकांना ते बघायचं असतं, आणि आधीची तीन वर्षं काही झालं नव्हतं.

घरट्याशी पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. माझा सहकारी गटाच्या शेवटी असतो. तो पुढे येऊन हळूच म्हणाला, "ताई, दामिनी बघितलं. चाळीसच्या वर्तुळात विजा दाखवतंय." दामिनी म्हणजे आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ॲप, आपण उभे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजा त्यात कळतात. मी म्हटलं, बघू. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, एकदा सांगून गप्प बसला. त्याचा मला राग नाही. मोठ्यांना दुसऱ्यांदा टोकू नये, हे आपणच मुलांना शिकवतो.

मग दक्षिणेला चमकलं. मी मोजलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. अठ्ठावीसला गडगडलं, म्हणजे नऊ-साडेनऊ किलोमीटर. तिसाच्या आत आलं की फेरी थांबवून निघायचं, हा नियम मीच दर उन्हाळ्यात पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना सांगते. त्या क्षणी बारा जणांचं बघून झालं होतं. अकरा जण रांगेत होते. मी म्हटलं, "पटापट बघून घ्या."

अकरा जणांना आठ मिनिटं लागली. गाड्या दीड किलोमीटरवर होत्या, म्हणजे आमच्या चालीने पंचवीस मिनिटं. पत्र्याचं छत असलेली बंद गाडी विजेत सुरक्षित, आणि आम्हाला ती गाठता आली नाही.

अर्ध्याहून थोडं पुढे आलो तेव्हा वारा फिरला, मातीचा लोट अंगावर आला आणि मोजणी सहावर आली. दोन किलोमीटर. तिथून पुढे उताराआधी माळाचा उंचवटा होता, त्यावरून गट न्यायचा नाही असं ठरवलं. ओढ्यातही नाही, वळवाचं पाणी क्षणात येतं. पाच-सहा जण एकट्या उभ्या बाभळीकडे पळत सुटले. मी ओरडत होते, वाऱ्यात ऐकू जात नव्हतं. पलीकडे कोकणातून परतलेल्या धनगरांची मेंढरं होती. त्यांच्यातला एक मेंढका हातातली काठी खाली टाकून धावत आला आणि त्याच्या आवाजाने काम झालं: "झाडाखाली नगं! पांगा, पांगा!"

एकेकाला पंधरा-वीस पावलांवर उकिडवं बसवलं. पाय जुळवून, डोकं खाली, हात कानांवर. वीज जवळ पडली की जमिनीतून पसरते, दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरं-मेंढरं म्हणूनच जास्त मरतात, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं. मेंढक्याने नंतर सांगितलं, मागे एकदा वीज पडून त्याची अकरा मेंढरं गेली होती, एकमेकांना चिकटून उभी असतानाच.

गटात एक काका आहेत, सत्तरीचे, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना उकिडवं बसता येईना. त्यांची सॅक रिकामी करून खाली घातली, त्यावर बसवलं, पावलं जुळवून ठेवायला सांगितलं. योग्य पद्धत ही नव्हे. त्या वेळी त्यातल्या त्यात बरी एवढीच. मग मी त्यांच्यापासून वीस पावलं लांब जाऊन बसले. म्हाताऱ्या माणसाला गारांच्या माऱ्यात एकटं सोडून लांब जाणं मला आजवरच्या कामात सगळ्यात जड गेलं.

गारा बोराएवढ्या होत्या. समोरच्या टेकाडावर एक वीज पडली, चमक आणि आवाज एकदमच. वीस-बावीस मिनिटं. मग मोजणी लांबत गेली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मी कोणाला उठू दिलं नाही, कुरकुर झाली तरी. गाडीत बसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. "ताई होत्या म्हणून वाचलो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. सहकारीही काही बोलला नाही.

तीन दिवसांनी मेंढक्याला फोन केला. घरट्याचं विचारलं. म्हणाला, "टिटवी वरडतीया अजून." एवढ्यावरून अंडी राहिली की नाही ते ठरत नाही. मी मुद्दाम बघायला गेले नाही. माझ्या पावलांच्या वासामागे मुंगूस आणि कुत्रे जाऊ शकतात.

जूनची फेरी पहाटे सहाला ठेवली आहे. सहकाऱ्याला सांगितलंय की आभाळाचा निर्णय यापुढे त्याचा, मी "बघू" म्हटलं तरी.

बुधवारी काकांचा फोन आला, जूनमध्ये नाव धरलंस ना विचारायला. राहवलं नाही, त्यांना सगळं सांगितलं. अठ्ठावीसची मोजणी, रांग, आठ मिनिटं. माझ्या हट्टापायी तुमच्या जिवाशी खेळ झाला, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, त्या अकरांतला शेवटचा मीच होतो. मला आधी दिसतच नव्हतं काही. मग टिटवी जरा बाजूला सरकली, आणि चारही दिसली."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. त्यांचं नाव लिहून घेतलं.