तुम्ही विचारलंत म्हणून: पांढरे धागे टिकतात कसे?

लोकलमध्ये शेजारी बसलेल्या मुली माझ्या जीन्सच्या गुडघ्याकडे बघतात आणि विचारतात, "ताई, विकत घेतली की घरी केली?" घरी केली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग आम्ही करतो तेव्हा नुसतं भोक का पडतं? हे पांढरे धागे जाळीसारखे राहतात कसे?"

भोक पाडायचंच नसतं, म्हणून राहतात. डेनिममध्ये उभे धागे निळे असतात, आडवे पांढरे. निळे तेवढे काढायचे आणि पांढऱ्यांना हात लावायचा नाही. हे मला बाबांमुळे कळलं. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर. कुठलंही कापड हातात आलं की ते आधी कडेचा एक धागा ओढून बघायचे, ताणा, म्हणजे उभा धागा, कुठला नि बाणा, म्हणजे आडवा, कुठला. पुढे बऱ्याच वर्षांनी मी पहिली जीन्स फाडायला बसले, तेव्हा कात्री लावायच्या आधी माझाही हात कडेच्या धाग्याकडेच गेला.

पँट जुनी घ्या, बोहारणीला द्यायला काढून ठेवलेली असते ती. नवी पँट मी कधीच फाडत नाही आणि कुणी आणून दिली तर परत करते. कापड जाड आणि निव्वळ सुती हवं. ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्ये ते रबरासारखं सूत बहुतेक वेळा आडव्या धाग्यातच असतं, त्यामुळे निळे धागे काढले की पांढरे आखडून वेटोळे होतात. मग कितीही मेहनत घेतली तरी ती जाळी सपाट बसत नाही.

जागा ठरवताना पँट अंगात घाला. खुर्चीवर बसा, खाली मांडी घाला, दोन जिने चढून या. गुडघा जिथे खरोखर कापडाला घासतो तिथे शिंप्याच्या खडूने खूण करा. पँट जमिनीवर पसरून अंदाजाने खूण केली तर घातल्यावर ती नडगीवर उतरते, आणि ते खोटं दिसतं. ज्याची पँट आहे त्याच्या बसण्याउठण्याने ती जिथे विरली असती, तिथेच ती विरलेली दिसायला हवी. मी सगळ्यात जास्त वेळ या खुणेवर घालवते.

मग पायाच्या आत एखादी जुनी फळी सरकवा, नाहीतर मागची बाजूही कापली जाईल. खुणेवर दीड-दोन सेंटिमीटर अंतराने दोन आडव्या चिरा द्या, शिवणीपासून चार बोटं लांब. दोन चिरांमधले निळे धागे आता दोन्ही टोकांना सुटलेले असतात. सुईने एकेक वर उचलायचा आणि भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढायचा. पहिले पाच-सहा हट्ट करतात, नंतरचे भराभर येतात. एका गुडघ्याला मला तासभर लागतो. घाई केली की पांढरा तुटतो, आणि तुटलेला पांढरा परत जोडता येत नाही.

मांड्यांवरचा फिकटपणा आणणं त्या मानाने सोपं. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसते. म्हणून सुताराकडचा पॉलिश पेपर किंवा टाचा घासायची वजरी हलक्या हाताने फिरवली की आतलं पांढरं दिसायला लागतं. नाकाला फडकं बांधा, गॅलरीत बसा आणि नंतर ओल्या फडक्याने जमीन पुसून घ्या.

ब्लीच मी वापरत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तो वास कोंडतो. तुम्ही वापरणारच असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. कारखान्यांत हाच फिकटपणा आणायला जीन्सवर दाबाने वाळू मारत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग झाला, तरणी मुलं त्यात गेली, आणि तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी आणली. गिरणीच्या कापसाच्या तंतूंनी खोकणारी माणसं मी आमच्या चाळीत पाहिली आहेत. पँट जुनी दिसावी म्हणून कुणाची छाती जावी, हे मला सहन होत नाही. घरी करण्यामागचं माझं मोठं कारण हेच आहे.

जाडंभरडं कापड हे या शहराला नवं नाही. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या डोंगरीवरूनच गेला. तिथलं खरखरीत सुती कापड कष्टाच्या कामाचं म्हणून ओळखलं जायचं.

आईच्या मनाला मात्र माझं हे काम बरीच वर्षं लागत होतं. "आम्ही ठिगळं लावून लपवली, आणि तू फाडून दाखवतेस," असं ती एकदा म्हणाली. मी वाद घातला नाही. तिचं खरं होतं. विरलेली जीन्स तिच्यापुढे ठेवली आणि आतून आधार कसा देऊ, एवढंच विचारलं. तिने जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला, फाटलेल्या जागेहून चारी बाजूंनी तीन बोटं मोठा कापला आणि निळ्या दोऱ्याने बारीक धावदोरा घातला. वरून टाका दिसत नाही, पांढऱ्या धाग्यांमागे हिरवं दिसतं.

तुम्हीही पहिल्या धुण्याच्या आधीच हे अस्तर लावा. टाका सैल ठेवा, नाहीतर गुडघा वाकला की कापड चुणतं. पँट उलटी करून गार पाण्यात हातानेच धुवा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका, जाड डेनिम चार-चार दिवस वाळत नाही.