आमची वाटचाल : 20 बाय 30 चा कागद

दर मे महिन्यात आम्ही आमच्या छापखान्याच्या गिऱ्हाइकांना एक चारपानी पत्रक वाटतो. उन्हाळ्यात काय काय छापलं, कुणाचं पुस्तक अडलंय, कुणाचा दिवाळी अंक यंदा निघणार आणि कुणाचा नुसताच 'निघणार', असल्या बातम्या. यंदा मुलगी म्हणाली, "बाबा, बातम्या कमी करा, वाटचाल लिहा. सगळे लिहितात." सगळ्यांच्या वाटचाली मीच छापल्यात. पहिल्या परिच्छेदात रोपट्याचा वटवृक्ष झालेला असतो. आमचं रोपटं अजून रोपटंच आहे. ठाण्याच्या नौपाड्यात एक गाळा, छपाईचं एक मिनी ऑफसेट मशीन, कागद कापायचं एक कटिंग मशीन, दोन कॉम्प्युटर आणि मी. तरी लिहितो, कारण एक गोष्ट कुठेतरी छापून ठेवायची राहिली आहे.

वडिलांनी 1974 साली छपाईचं ट्रेडल मशीन घेतलं. पायाने मारायचं, मोटर नंतर बसवली. कंपोझिंगला, म्हणजे अक्षरं जुळवायला, अण्णा होते. ओळ जुळवायची स्टिक डाव्या हातात, उजवा हात केसवर, म्हणजे अक्षरांच्या खणांवर, आणि डोळे हस्तलिखितावर. खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, न बघता उचलायचे. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा. मला सुट्टीत बसवायचे ते डिस्ट्रिब्यूट करायला, म्हणजे छापून झालेल्या मजकुराचे खिळे परत आपापल्या खणात टाकायला. संध्याकाळी बोटं शिशाने काळी आणि आई जेवायला वाढायची नाही. एकदा एका व्यापाऱ्याच्या मुलीची लग्नपत्रिका होती. मात्रा झिजलेली, उठलीच नाही, आणि पाचशे पत्रिकांवर 'शेठ'चा 'शठ' झाला. वडिलांनी रात्रभर बसून हाताने मात्रा काढल्या. काळ्या शाईच्या बोरूने, पाचशे वेळा. पैसे पूर्ण मिळाले. व्यापाऱ्याला आजतागायत पत्ता नाही.

1988 साली साहित्य संमेलन ठाण्यात झालं, अध्यक्ष वसंत कानेटकर. त्या वर्षी मी कॉलेज सोडून गाळ्यात आलो. संमेलनाचं काम आम्हाला मिळालं, असं वडील सांगायचे. खरं तर एका कवीने मांडवाबाहेर वाटायला स्वतःच्या चार कविता छापून घेतल्या होत्या, तेवढंच. 2010 च्या डिसेंबरात संमेलन परत ठाण्यात आलं, अध्यक्ष उत्तम कांबळे. तेव्हाही आमच्याकडे कवीच आला. दुसरा.

1996 ला मित्राबरोबर भागीदारीत कॉम्प्युटर घेतला. पानं लावायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांना श्रीलिपी. अण्णांना खिळ्यावरचं उलटं अक्षर वाचायची सवय. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ह्याच्यात अक्षर उलटं दिसत नाही, मग वाचायचं कसं?" ट्रेडल भंगारात गेलं, किलोवर. मित्र पुढे पुण्याला गेला, हिशोब पै-पैचा चुकता करून. भागीदारी कशी मोडावी हे त्याच्याकडून शिकावं. नंतर 15 बाय 20 इंची कागद घेणारं जुनं ऑफसेट आलं, हप्त्यावर. मधली वर्षं काय झालं विचाराल, तर काम झालं. बिलबुकं, शाळांच्या निकालपत्रिका, अहवाल, हळदीकुंकवाची कार्डं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता 2012.

एका संस्थेचा सुवर्णमहोत्सव होता. नाव घेत नाही, ठाणेकर ओळखतील आणि नाही ओळखलं तरी हरकत नाही. त्यांची स्मरणिका आमच्याकडे आली. साइज क्राउन चौपेजी, म्हणजे पान साडेसात बाय दहा इंचांचं, 128 पानं, 3000 प्रती. जाणकाराला हिशोब सांगायला नको: 20 बाय 30 इंचांच्या एका तावात सोळा पानं, म्हणजे प्रतीला आठ ताव, 24 हजार ताव, पाचशे तावांचा एक असे 48 रीम आणि वाया जाणारे धरून 50. कमिटीला साधा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद, नको होता. 90 जीएसएम वजनाचा, किंचित पिवळसर झाक असलेला हवा होता. तसला कागद कपाटात पडलेला नसतो. मी उधारीवर उचलला, 55 हजारांच्या आसपास. अ‍ॅडव्हान्स मागितला नाही. सुवर्णमहोत्सवी संस्थेकडे अ‍ॅडव्हान्स कसा मागायचा? (मागायचा. कागद उचलायच्या आधी मागायचा. संस्था शतकमहोत्सवी असली तरी मागायचा.)

एप्रिल आणि मे मी दुसरं काही घेतलं नाही. दोन शाळांच्या डायऱ्या नाकारल्या. स्मरणिकेची अक्षरजुळणी म्हणजे काय ते केलेल्यालाच कळेल: चाळीस पानं जाहिराती, वीस पानं शुभेच्छासंदेश, ज्यात प्रत्येक पुढाऱ्याला आपला फोटो आधीच्यापेक्षा मोठा हवा असतो. आमची चार प्रुफं झाली. तिसऱ्या प्रुफानंतर कमिटीतला एकजण म्हणाला, "घरी बघायला सीडी द्या." दिली. चौथं प्रूफ मंजूर होऊन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला की छपाई दुसरीकडे देतोय, तुम्ही टायपिंगचं बिल पाठवा. टायपिंगचं!

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते आठवड्यात कळलं. माझ्याकडूनच पूर्वी छोटी कामं नेणारा माणूस. त्याने नवं चाररंगी मशीन घेतलं होतं आणि त्याला ते हलतं ठेवायचं होतं. आमच्याच दरात त्याने रंगीत कव्हर आणि आठ रंगीत पानं कबूल केली. मशीन त्याचं चांगलं होतं, हे मी तेव्हाही म्हणालो. दर पाडायचा तर पाडावा, धंदा आहे. पण स्मरणिका आली, मी शेवटचं पान उघडलं आणि खाली 'मुद्रक व अक्षरजुळणी' म्हणून त्याचं नाव. अक्षरजुळणी! माझ्या ऑपरेटरने लावलेला प्रत्येक टॅब त्यात जसाच्या तसा होता.

एका गोष्टीने मात्र मला आजही झोप छान लागते. त्याने छापलं ते तिसऱ्या प्रुफाच्या सीडीवरून. तिसऱ्या प्रुफात आमच्या ऑपरेटर पोराने संस्थापकांच्या यादीतला 'कै.' चुकून एक ओळ खाली, खजिनदारांच्या नावामागे लावला होता. चौथ्या प्रुफात आम्ही तो काढला. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी खजिनदार व्यासपीठावर बसून स्वतःला कैलासवासी वाचत होते, 3000 प्रतींमध्ये.

असो. खजिनदार खुर्चीत आणि मी खड्ड्यात. कागदवाल्याचे 55 हजार, मशीनचा हप्ता, दोन महिन्यांचा पगार, आणि टायपिंगच्या बिलाचे पैसे कधी आलेच नाहीत. गाळ्यात दारापासून मोरीपर्यंत 50 रीम. पावसाळा तोंडावर. ज्याने कागद सांभाळलाय त्याला माहीत आहे, जूनमध्ये दमट हवेत ताव कडेने लाटा घेतो, मग मशीनला दोन-दोन ओढले जातात आणि रजिस्टर बसत नाही, म्हणजे छापा जागेवर पडत नाही. कागदवाला परत घेईना. ही पिवळी झाक मी कुणाला विकू, म्हणाला. शेवटी कटिंग मशीन विकायला काढलं. वडिलांच्या काळातलं, बिडाचं, चाकाचं. गिऱ्हाईक भिवंडीहून आलं होतं आणि पट्टीने पातं मोजत होतं, तेवढ्यात दारात बाई उभ्या.

बाईंनी मला सातवीला मराठी शिकवलं. निवृत्त झाल्या होत्या. हातात फुलस्केप वह्यांचं बाड, नाडीने बांधलेलं. "अरे, हे छापायचंय. माझ्या शाळेतल्या आठवणी. कथा नाहीत, खरं आहे सगळं. किती पैसे?" मग त्या माणसाकडे बघून, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. त्या रिमांवर टेकल्या, एक ताव ओढून उजेडात धरला, अंगठ्याने चोळला. "कागद गुणी आहे. ह्याच्यावरच छाप."

बाईंचं पुस्तक डेमी, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या साइजमध्ये काढायचं मनात होतं. पण 20 बाय 30 डेमीत कापला तर कडेची पट्टी वाया जाते. म्हणून क्राउन अष्टपत्री, म्हणजे चौपेजीच्या निम्मं केलं. ताव मधोमध कापला की 15 बाय 20, थेट माझ्या मशीनचं माप. त्या अर्ध्या तावावर सोळा पानं, तो एक फर्मा, असे बारा फर्मे, 192 पानं. हजार प्रतींना बारा रीम लागले. पुस्तक हातात आल्यावर बाई म्हणाल्या, "जरा बुटकं झालंय का?" मी म्हटलं, पर्समध्ये मावतं. त्यावर हजार प्रती गेल्या. शाळेच्या माजी विद्यार्थिनी दहा-दहा नेत होत्या. बाईंनी पैसे आगाऊ दिले होते, त्यातून कागदवाल्याचा पहिला हप्ता गेला. कटिंग मशीन आहे अजून, या, दाखवतो.

उरलेले 38 रीम संपायला अडीच वर्षं लागली. समोरच्या इमारतीतली पोरं सुट्टीत दारात उकिडवी बसायची, त्यांना म्हटलं, लिहा रे काहीतरी, छापतो. 32 पानं, एका तावात एक अंक. त्यातून त्यांचा उन्हाळी अंक सुरू झाला. लॉकडाउनची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी निघतो. आता ती इमारत पाडली, पोरं भाड्याने घोडबंदर रोडला विखुरली, पण मेमध्ये बसने येतात. यंदाच्या अंकात एका मुलीने 'आमचं जांभळाचं झाड' लिहिलंय. झाड बिल्डरने ठेवणार म्हणून सांगितलं होतं. लेख दीड पानाचा आहे आणि तिने शेवटी त्या झाडाचा जुना पत्ता दिलाय: मागचं आवार, पाण्याच्या टाकीजवळ. मी एक अक्षर बदललं नाही.

यंदाच्या बाकी बातम्या थोडक्यात. लग्नपत्रिका संपल्यात जमा. लोक शंभर छापतात, बाकी फोनवर. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून सत्काराची मानपत्रं वाढली, पुस्तकं तेवढीच आहेत. एक कवितासंग्रह चालू आहे, एक वंशावळ चालू आहे, वंशावळीत दोन चुलत्यांचं भांडण चालू आहे.

लिहिणाऱ्यांना जाता जाता सांगतो. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्याने पाठवू नका, त्यात कुठला तुकडा सुधारलेला आणि कुठला जुना हे देवालाही कळत नाही. प्रूफ कागदावर वाचा, स्क्रीनवर डोळा जे असायला हवं तेच वाचतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो. कुणी त्याचे वेगळे पैसे लावले तर उठून या. पुस्तक निघालं की महिन्याच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवा, 1954 च्या कायद्याने ते प्रकाशकावर बंधन आहे, आणि स्वतः काढलंत तर प्रकाशक तुम्हीच. आणि मुद्रकांनो, उघडी, म्हणजे बदलता येणारी, फाइल कुणाला देऊ नका. पीडीएफ द्या.

बाईंचं चौथं पुस्तक सध्या मशीनवर चढायच्या बेतात आहे. बाई आता 84 वर्षांच्या. विषय त्यांच्या लहानपणीचं ठाणं: तलावपाळी, जांभळी नाका, कौपीनेश्वराचं आवार. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, त्यावर अर्धंच पान. "ते सगळे लिहितात," म्हणाल्या. साइज क्राउनच. तो कागद कधीच संपला, पण त्यांना आता बुटकंच हवं असतं. दुसरा हट्ट पाकळीच्या 'ल'चा. आमच्या पहिल्या फाँटमध्ये हिंदीचा दंडवाला 'ल' होता, तेव्हा बाईंनी पूर्ण प्रुफभर 'ल'ला गोल केले होते. 2009 सालीच सरकारी निर्णय निघून पाकळीचा 'ल', देठाचा 'श' प्रमाण ठरला होता, त्याचं कात्रण घेऊन त्या आल्या आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेल्या.

पुस्तक 1 जूनच्या आत हवंय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1 जून 1893 चं. वाढदिवसाला पहिली प्रत तिथे द्यायची हा त्यांचा नेम. माझीही घाई आहे, पाऊस पडायला लागला की कव्हरच्या लॅमिनेशनला फुगे येतात.

पूर्वी 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि गाव घालणं सक्तीचं होतं. 1 मार्च 2024 पासून नवा कायदा लागू झाला, त्यात पुस्तकं नाहीतच. म्हणजे आता माझी ओळ कुणी गाळली तरी कायदा काही म्हणणार नाही. मी बाईंना हे सांगितलं, स्मरणिकेची गोष्टही परत एकदा सांगितली, आणि म्हटलं, यावेळी ओळ जरा ठळक टाकतो.

गेल्या बुधवारी शेवटचं प्रूफ परत आलं. 144 पानांत पेन्सिलीच्या फक्त अकरा खुणा. अकरावी खूण शेवटच्या पानावर, माझ्या ठळक ओळीत. 'मुद्रक' बरोबर होतं, माझं नाव बरोबर होतं. पुढे मी 'नौपडा' छापलं होतं. समासात बाईंचं सातवीतलं अक्षर: "काना द्या. आणि पत्ता पाठ करा."