कमी खाद्य विकायला शिकलो तेव्हा

आमच्या अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत जुनी. भाताच्या खाचरात चर खणून रोहू, कटला, सायप्रिनस सोडणारे मात्र थोडेच. त्यांना खाद्य करून द्यावं म्हणून मी आणि बायकोने पडवीतच सुरुवात केली. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. पुढे गोळ्या पाडायचं छोटं मशीन घेतलं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि आमच्याच चराचं पाणी हिरवं झालं. ऑइलपेंट सांडावा तसं हिरवं. वाऱ्याने त्याची साय एका कोपऱ्यात जमायची. पहाटे मासे तोंडं वर काढून हवा घेऊ लागले. सुपारीच्या कोळे रोगासाठी आणलेलं मोरचूद घरात होतं, ते मी घाईने पाण्यात घातलं. शेवाळ मेलं, कुजलं, आणि त्या कुजण्यात पाण्यातला उरलासुरला प्राणवायू संपला. सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. दोघांनी मिळून ते वेचले आणि माडाच्या बुडाशी पुरले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

मग मत्स्यशास्त्र शिकलेल्या ओळखीच्यांना विचारत सुटलो. कळलं ते असं, की शेवाळाला खायला आम्हीच घालत होतो. खाद्यातल्या नत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, उरलेला बराचसा कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात जातो. कोंड्यातला बहुतेक स्फुरद फायटेटच्या, म्हणजे घट्ट बांधलेल्या रूपात असतो. रोहू-कटल्याला जठर नसतं, त्यांना तो पचत नाही, विष्ठेतून गाळात उतरतो. सायप्रिनस तो गाळ उकरतो आणि स्फुरद पुन्हा वर येतो. भात जोमात असेपर्यंत मुळं त्यातलं पुष्कळ ओढतात. दाणा भरला की ती ओढ मंदावते, खाद्य मात्र आम्ही तेवढंच टाकत होतो.

शेतकरी म्हणतात, निळं-हिरवं शेवाळ तर भाताचं खत. ॲनाबिना, नॉस्टॉकचं ते खरंच आहे, ती हवेतला नत्र धरतात. साय धरणारं मायक्रोसिस्टिस वेगळं. ते पाण्यातल्या आयत्या नत्रावर माजतं आणि त्याच्या काही प्रकारांत यकृताला घातक विष असतं. त्या पाण्यावर आपली गुरंही येतात, याची मला जास्त काळजी वाटते.

आता आम्ही गोणीबरोबर वजनाचा तक्ता देतो: 100 किलो माशाला दिवसाला 2 ते 3 किलो, त्याहून जास्त नाही. खाद्य मुठीने फेकायचं नाही, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून बांबूला टांगायचं. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून पाहायचा, तळवा दिसेनासा झाला की खाद्य बंद.

एका जुन्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं, "काका, चार दिवस काहीच घालू नका." ते म्हणाले, "खाद्य विकणारा तू, नि घालू नको म्हणतोस?" पाचव्या दिवशी त्यांनीच फोन केला, मासे पहाटे वर यायचे थांबले होते.

दिवाळीआधीच्या महिन्यात आमचा खप घटलाय, तो आम्ही मान्य केलाय. सध्या कोंडा आधीच फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारं एंझाइम, लावून मुरवायचा प्रयत्न चाललाय. मशीनच्या उष्णतेने ते एंझाइम मरतं, म्हणून गोळी पाडण्याआधीच त्याचं काम उरकावं लागतं. दोन खेपा बुरशी येऊन फुकट गेल्या. तिसरी पडवीत मुरतेय.